मंडळी ऑनलाइन आहे

दान देताना पुढे कर्णा वाजवायचा नाही, असं येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात बजावून ठेवलं आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, हे लगेच त्याच्या पुढे. मत्तयाचा सहावा अध्याय. आमच्या मंडळीत हा भाग शाब्बाथ शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. तरीही मध्यंतरी चर्चच्या दाराशी दानासाठी क्यूआर कोडचा फलक लागला आणि त्याच्या शेजारी, किराणा दुकानात असतो तसला, बोलका डबा बसला. खजिनदारांच्या डोक्यात फक्त हिशेबाची सोय होती. कर्ण्याची आठवण कोणालाच झाली नाही. पहिल्याच रविवारी मूक प्रार्थना चालू असताना, माना खाली, डोळे मिटलेले, अशा शांततेत दारातून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, ‘दहा रुपये प्राप्त झाले.’

उपासनेत मागे वळून बघायचं नसतं, म्हणून कोणी वळून बघितलं नाही. सगळ्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांचं घर तीन मजली आहे आणि खालच्या मजल्याचं भाडं येतं. त्यामुळे ते दहा रुपये नाताळपर्यंत पुरले. विधवेनं मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकल्या तेव्हा येशूनं तिचं कौतुक केलं होतं हे खरं, पण ते येशूनं. आमच्या मंडळीतलं कौतुक निराळं असतं. पुढच्या रविवारपासून दारातल्या बाई ‘पाचशे एक’, ‘एक हजार एक’ असं बोलू लागल्या. काही जण तर मुद्दाम मूक प्रार्थनेच्या वेळेलाच दान करू लागले. खजिनदारांना वाटलं, आत्म्याचं काम चालू आहे.

त्या मानानं जुनी लांब दांडीची मखमली थैली फार समजूतदार होती. झाकली मूठ आत जायची, मोकळी होऊन बाहेर यायची आणि मधे काय घडलं हे देवाला आणि थैलीला ठाऊक. शेवटी वडीलजनांनी कुरकुर केली आणि समितीनं तोडगा काढला, डबा ठेवायचा पण आवाज बंद करायचा. आता डबा गप्प आहे आणि मंडळी पुन्हा दहा रुपयांवर आली आहे.

देवळात, मशिदीत, चर्चमध्ये मोबाइल शिरला की धर्म बुडतो असं म्हणणारे काही लोक आहेत आणि धर्माला नवं तेज येतं असं म्हणणारेही आहेत. दोघंही मंडळीला फार गंभीरपणे घेतात. मला तर एवढंच दिसतं की मंडळी होती तशीच आहे, फक्त तिचा मागचा बाक लांब झाला आहे. पूर्वी तो भिंतीला टेकून संपायचा. आता तो दुबईला जातो, ऑकलंडला जातो आणि रात्री दीड वाजताही भरलेला असतो.

व्हॉट्सॲपचंच बघा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आमची सीएनआय, घडायला किती वेळ लागला? 1929 साली ऐक्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. बिशप हवा की नको, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा की जाणत्या माणसाचा, पाणी शिंपडायचं की माणूस पुरता बुडवायचा, यावर दोन पिढ्यांनी चहा प्यायला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा पंथमंडळ्या एक झाल्या तेव्हा चर्चेला बसलेल्यांपैकी बरेच जण प्रभूच्या घरी पोहोचले होते. आमच्या व्हॉट्सॲप गटाची फूट मात्र पाच मिनिटांत झाली. त्या काळी एका गटात 256 जणच मावत. दोनशे सत्तावन्नावी व्यक्ती म्हणजे नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. तिच्यासाठी ‘मंडळी 2’ निघाली.

तत्त्वाचा काहीही मतभेद नसताना झालेली ख्रिस्ती इतिहासातली ही बहुधा पहिलीच फूट. मतभेद नंतर तयार झाले. ‘मंडळी 1’ला सूचना आधी कळते, ‘मंडळी 2’ला उरलंसुरलं, अशी भावना पसरली. नाताळच्या केकचा भाव पहिल्या गटात वेगळा सांगितला होता, असा आरोप झाला. पुढे 2022 मध्ये मर्यादा वाढत वाढत 1024 वर गेली, तेव्हा पाळकसाहेबांनी दोन्ही गट एक करण्याचा विषय काढला. पण गट एक झाला की ॲडमिन कोण? दोन्ही ॲडमिन नम्र सेवक आहेत आणि दोघांनीही नम्रपणे नकार दिला. वाटाघाटी चालू आहेत. 1929 आणि 1970 मधलं अंतर पाहता घाई करण्याचं कारण नाही.

गटावरचा दिवस पहाटे पाचला उगवतो. बर्फाच्या डोंगरावर सूर्य, खाली स्तोत्र, कोपऱ्यात गुलाबाचं फूल. दाविदानं मेंढरं राखली त्या बेथलेहेमात इतकं बर्फ आणि इतके गुलाब असते तर त्यानं स्तोत्रं लिहिली असती की घोंगड्या विकल्या असत्या, कोण जाणे. त्यावर सदतीस जोडलेले हात. मग वाढदिवस, मग कोणाच्या तरी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रार्थनेची विनंती, मग देवाज्ञा झाल्याची बातमी, आणि तिच्या खाली, वर न वाचता, मघाच्या वाढदिवसासाठी निघालेला केक. एक काका आहेत, ते प्रत्येक संदेशाला ‘आमेन’ म्हणतात. ‘टाकी धुवायची असल्याने रविवारी नळाला पाणी येणार नाही’ यालाही त्यांचं आमेन आलं होतं. दिवसभरात सर्वांत जास्त चर्चा होते ती मात्र एकाच मजकुराची, ‘हा संदेश काढून टाकण्यात आला आहे.’ त्यावर रात्री घरोघरी प्रवचनं होतात.

अशी एक-दोन वादळं झाल्यावर समितीनं गटाला कुलूप लावलं, फक्त ॲडमिन लिहू शकतील. मार्टिन लूथरनं 1517 मध्ये पंचाण्णव मुद्दे विटेनबर्गच्या चर्चच्या दाराला ठोकले असं सांगतात. त्या दारावर तेव्हा ‘फक्त ॲडमिन’ असं लिहिलेलं असतं तर आम्ही आज सगळे निमूट रोमन कॅथलिक असतो. आमच्याकडे कुलूप आठवडाभर टिकलं. तेवढ्यात ‘मंडळी (खुली चर्चा)’ नावाचा तिसरा गट निघाला, आणि त्यात दोन्ही ॲडमिन पहिल्या दिवशी दाखल झाले.

नवं यंत्र दिसलं की चर्चनं आधी नाक मुरडायचं आणि मग पहिल्या रांगेत उभं राहायचं, ही रीत जुनी आहे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला तो जेझुइटांबरोबर, आणि खरं म्हणजे तो निघाला होता अॅबिसिनियाला. पार्सल भलत्या पत्त्यावर उतरलं, आणि ते परत करण्याऐवजी वापरायला काढलं गेलं. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपलं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचलं. 1616 मध्ये ते छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी टंकायचा जो प्रकार पाहून आपल्या मराठीच्या प्राध्यापकांचा रक्तदाब वाढतो, त्याला चारशे वर्षांची प्रतिष्ठित परंपरा आहे. स्टीफन्स यांची अडचण खिळ्यांची होती, आमच्या महिला मंडळाच्या चिटणीस मावशींची कंटाळ्याची आहे, एवढाच फरक. मागे मंडळाच्या खोलीबाहेर लावायला पाटी हवी होती. मावशींनी गटावर रोमन अक्षरांत लिहिलं, ‘महिला मंडळाला पाटी पाहिजे. कोणाकडे वापरात नसल्यास कळवावे.’ रोमन लिपी काना-वेलांटीची फिकीर करत नाही. अर्ध्या मंडळीनं ‘पती’ वाचलं. पाच-सहा भगिनींनी तातडीनं ‘आहे, घेऊन जा’ असं कळवलं.

उपासनेतली गीतं आता भिंतीवर दिसतात. पूर्वी ‘उपासना संगीत’ हातात असायचं आणि म्हातारी माणसं पुस्तक न उघडता नुसत्या नंबरावरून सुरू व्हायची. आता प्रोजेक्टर आहे आणि प्रोजेक्टरवर नववीतला मुलगा आहे. उपासनेत खरी सत्ता त्याच्या हाती असते. तो दुसऱ्या कडव्यावर थांबला तर तबला, पेटी, गायकवृंद, पाळकसाहेब, सगळे तिथेच थांबतात. जुन्या टंकातून नव्यात आणलेल्या गीतांच्या वेलांट्या अक्षरं सोडून परागंदा झालेल्या असतात. एकदा ‘तारणारा’च्या जागी ‘मारणारा’ आलं. ते सगळ्यांनी भक्तिभावानं, तालात, दोनदा म्हटलं, कारण भिंतीवर आहे ते म्हणायचं असा नियम आता पडला आहे. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी तेवढं बरोबर म्हटलं. त्यांना भिंत दिसत नाही.

2025 च्या सप्टेंबरात पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिसला संत म्हणून घोषित केलं. हा इटलीत वाढलेला मुलगा संगणकात रमणारा, धार्मिक चमत्कारांवर संकेतस्थळ बनवणारा. 2006 मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. आम्ही प्रॉटेस्टंट, संतांच्या यादीशी आमचा तसा व्यवहार नाही. पण ही बातमी आल्यापासून प्रोजेक्टरवाल्या मुलाच्या आईचा सूर बदलला आहे. आधी ती म्हणायची, ‘सारखा त्या लॅपटॉपला चिकटलेला असतो.’ आता म्हणते, ‘त्याला ती ओढ आहे.’

भिंतीवरच्या गीतांमधली बरीच रेव्हरंड ना. वा. टिळकांची. अभंग आणि भजन यांना त्यांनी मराठी मंडळीत घरचं करून ठेवलं. आज पडद्याला नाक मुरडणाऱ्यांचे पणजोबा तेव्हा टाळ-मृदंगाला नाक मुरडत असतील, असा माझा अंदाज आहे. पण टिळकांपेक्षा मला हुरहुर वाटते ती लक्ष्मीबाईंची. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या या बाईच्या हातात व्हॉट्सॲप असतं तर! घरात कोणाला न सांगता उठून चालू पडणारा, खिशातले पैसे वाटेत भेटेल त्याला देऊन टाकणारा नवरा. लाइव्ह लोकेशनची गरज मराठी साहित्यात त्यांच्याइतकी कोणाला नव्हती. अर्थात टिळकांनी फोनच वाटेत कोणाला तरी देऊन टाकला असता.

शास्त्रही आता फोनमध्ये आहे. पाळकसाहेब ‘रोमकरांस पत्र, आठवा अध्याय’ म्हणाले की पूर्वी बायबलच्या पातळ पानांची सळसळ व्हायची. आता चेहऱ्यांवर निळा उजेड पडतो. फोनवर मान खाली घातलेला तरुण वचन वाचतो आहे की धावफलक, हे ओळखण्याची कला वडीलजनांनी साधली आहे. वचन वाचणारा मधूनमधून मान हलवतो आणि धावफलक वाचणारा मधूनच ‘अरेरे’ म्हणतो. विलापगीत चालू असलं तर मात्र फरक कळत नाही. आणि अध्याय काढण्याच्या शर्यतीत अजूनही म्हाताऱ्याच जिंकतात. हबक्कूक कुठे आहे हे त्यांच्या अंगठ्याला ठाऊक असतं. तरुणांच्या फोनवर तोवर ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ आलेलं असतं.

या सगळ्याला खरा जोर आला तो टाळेबंदीत. 22 मार्च 2020, जनता कर्फ्यू, वार रविवार. एवढा ठरवून मारलेला नेम दुसऱ्या कुठल्या धर्माला बसला नसेल. त्यानंतर 5 एप्रिलचा झावळ्यांचा रविवार. त्या दिवशी सकाळी आम्ही मोबाइलसमोर झावळ्या हलवल्या आणि रात्री नऊ वाजता, पंतप्रधानांनी सांगितल्याप्रमाणे, बाल्कनीत दिवे लावले. झावळ्या कुठून आणायच्या हा प्रश्न होताच. शहरातल्या सभासदांनी कुंडीतला शोभेचा पाम खुडला आणि एका घरानं कढीपत्ता हलवला.

पुढचा शुक्रवार शुभ शुक्रवार. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, तीन तास, ही आमची परंपरा. एरवी तिसरा वक्ता लांबला की पाळकसाहेब खोकतात. त्या वर्षी प्रत्येकानं घरी बसून चित्रफीत करून पाठवली, आणि खोकणारं कोणी नव्हतं. चौथ्या उद्गाराला मंडळीतल्या बहुतेकांच्या फोनमधली जागा संपली. पाचव्या उद्गाराचं, म्हणजे ‘तहान लागली आहे’चं, गोल चक्र फिरत राहिलं.

प्रभुभोजनावरून तर दोन तटच पडले. पाव आणि द्राक्षरस घरी घेऊन पडद्यासमोर बसायचं, पाळक तिकडून आशीर्वाद मागतील, असं एक मत. तारेतून आशीर्वाद येतो का, आणि येत असेल तर नेटवर्क गेलेल्या घराचं काय, असं दुसरं. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं प्रश्न खोल होता, पण मंडळीत चर्चा चालली ती द्राक्षरस कुठे मिळतो यावर. नाशिकची द्राक्षं बाजार बंद म्हणून दारावर स्वस्तात येत होती, ती गाळून काहींनी रस काढला. काहींनी कोकम सरबत घेतलं. ‘देव मन पाहतो’ असं ते म्हणाले, आणि ‘पण त्यात जिरं होतं’ असं बाकीचे म्हणाले.

सामूहिक प्रार्थना मात्र पडद्याला पेलली नाही. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची तर प्रत्येकाचा आवाज आपापल्या वेळेला पोहोचतो. कोणी रोजच्या भाकरीवर आहे, कोणी अपराधांच्या क्षमेवर, पाळकसाहेब आमेनला आणि निपाणीच्या आत्याबाई अजून स्वर्गातच. मधे कुकरच्या तीन शिट्ट्या. ‘सिस्टर, म्यूट करा’ हे त्या वर्षातलं सर्वांत जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वचन.

हे आमच्याकडेच होत होतं असं नाही. इटलीतल्या एका फादरांनी त्या मार्चमध्ये फोनवरून मिस्सा प्रक्षेपित केला तेव्हा चेहरे रंगवणारी कळ चालूच राहिली. पवित्र विधी चालू, आणि फादरांच्या डोक्यावर कधी शिरस्त्राण, कधी जादूगाराची टोपी. इंग्लंडात एका पाळकांच्या स्वेटरची बाही मेणबत्तीला लागून पेटली, तेही प्रवचन करताना, कॅमेऱ्यासमोर. दोन्ही चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. नुसतं प्रवचन केलं असतं तर घरच्यांनी पाहिलं असतं.

या बाबतीत कॅथलिकांची तयारी आमच्यापेक्षा चांगली, हे मान्य करावं लागतं. असिसीच्या संत क्लाराला तेराव्या शतकात आजारपणामुळे नाताळच्या मिस्साला जाता आलं नाही, तेव्हा तो सगळा विधी तिला खोलीत पडल्या पडल्या दिसला आणि ऐकू आला, अशी कथा आहे. म्हणून 1958 मध्ये पोप पायस बारावे यांनी तिला दूरचित्रवाणीची पालक संत ठरवलं. हे जगातलं पहिलं थेट प्रक्षेपण, आणि एकदाही अडकलं नाही. उलट व्हॅटिकननं 2002 मध्येच लेखी सांगून टाकलं की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. पापनिवेदन करायचं तर फादरांसमोर जाऊन गुडघे टेकायचे. माझी वसईची एक मैत्रीण म्हणते, तेच बरं. फादर विसरतात, फोन विसरत नाही.

महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली ती 16 नोव्हेंबर 2020 ला, दिवाळीच्या पाडव्याला. मग दुसरी लाट आली, पुन्हा बंद झाली आणि उघडली 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेला. आमच्या चर्चची दारं दोन्ही वेळा मुहूर्तावर उघडली. एवढा शुभमुहूर्त आमच्या लग्नांनाही मिळत नाही.

दारं उघडली, पण तिपाईवरचा फोन तसाच राहिला. आजही दर रविवारी प्रक्षेपण होतं. पडद्यावर पाहणाऱ्यांचा आकडा दिसतो आणि पाळकसाहेब संदेश देता देता त्याच्याकडे चोरून बघतात. तो एकवीसचा वीस झाला की त्यांचं वाक्य अडखळतं. खाली प्रतिक्रिया चालूच असतात. ‘आवाज येत नाही.’ ‘येतोय.’ ‘मला पण येत नाही.’ ‘काकू, तुमचा फोन म्यूट आहे.’ ‘ऑकलंडहून सर्वांना जय ख्रिस्त. पंखे नवीन घेतले का?’ चर्चपासून चार घरं पलीकडे राहणारे एक सद्गृहस्थ गाउनमध्ये चहा घेत उपासना बघतात आणि आशीर्वादाला हात जोडायला कप खाली ठेवतात, असं त्यांच्या मिसेसनीच महिला मंडळात सांगितलं.

यंदाच्या वार्षिक सभेत नवा, चांगला कॅमेरा घ्यायचा विषय होता. तरुण संघानं दरपत्रकं आणली होती. स्वच्छतागृहाचं दार आधी बसवा, अशी नेहमीची सूचना नेहमीच्या माणसानं केली. कॅमेरा कुठे लावायचा यावर सगळ्यांचं एकमत दिसत होतं. वरच्या सज्जात, व्यासपीठावर रोखून. तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या त्याच आजी, ज्यांना भिंत दिसत नाही, हात वर करून उभ्या राहिल्या.

‘व्यासपीठावर कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘कॅमेरा इकडे करा, आमच्याकडे. माझी बहीण जालन्याला बसून बघते. तिला कळायला नको का, कोण आलं, कोण नाही आलं, कोणी काय नेसलंय? पाळकसाहेब काय, ते दर रविवारी येतातच.’

महिला मंडळानं टाळ्या वाजवल्या. तरुण संघानं अनुमोदन दिलं. पाळकसाहेबांनी ठराव पुढच्या सभेवर ढकलला आणि इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच लिहायला सांगितलं, पण सभेचं प्रक्षेपण चालू होतं. सभा संपायच्या आत जालन्याच्या बहिणीची प्रतिक्रिया आली होती, ‘उजवीकडे जरा जास्त फिरवा.’